डोनेगॉलच्या किनाऱ्यावर या चुका टाळा: आधी भरती बघा, मग नकाशा

डब्लिनमध्ये नोकरीला असलेली आपली मंडळी दोन-तीन दिवसांची सुट्टी मिळाली की गाडी काढून आयर्लंडच्या वायव्येकडच्या डोनेगॉल परगण्यात निघतात. ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हा सुमारे २,५०० किलोमीटरचा किनारी रस्ता इथल्याच इनिशोवन द्वीपकल्पातून सुरू होऊन पार दक्षिणेला, कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत जातो. बेत आखताना किलोमीटर मोजले जातात: सकाळी हा किनारा, दुपारी तो कडा. पहिली चूक इथेच होते. इथला दिवस भरती-ओहोटीवर बेतावा लागतो.

आर्डरा गावाजवळच्या मॅहेराच्या गुहा घ्या. तिथवर जायचं तर ओहोटीच हवी. माझं लहानपण रत्नागिरीजवळ गेलं, त्यामुळे पाणी कधी फिरतं हे आपल्याला कळतं असा मला विश्वास होता. पण पहिल्या भेटीत मी गुहेत रमले आणि बाहेर येईपर्यंत ज्या वाळूवरून आले होते तिथे गुडघाभर पाणी होतं. त्या दिवशी मी खरोखर घाबरले. इथे उधाणाला पाणी साडेतीन ते चार मीटर चढतं, आपल्याकडच्यापेक्षा बरंच जास्त. शिवाय ते एका गतीने चढत नाही. सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मं पाणी येतं. पहिला तासभर काहीच घडत नाहीसं वाटतं, आणि त्यातच माणूस फसतो. म्हणून त्या ठिकाणचं वेळापत्रक बघून ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की परत निघा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत मोठं असतं. तिथीचा हा हिशेब अटलांटिकलाही लागू आहे, फक्त घड्याळाच्या वेळा वेगळ्या.

दुसरी चूक पोहण्याची. मॅहेरा, इनिशोवनमधला फाइव्ह फिंगर स्ट्रँड, बंडोरनचा टलन स्ट्रँड हे तिन्ही किनारे डोळ्यांचं पारणं फेडणारे, आणि तिन्ही पोहायला धोक्याचे. लाटा फुटत असताना मध्येच एखादा शांत, गडद पट्टा दिसतो. लहान मुलांना न्यायला तोच बरा असं वाटतं, पण बहुतेकदा पाणी तिथूनच आत ओढलं जात असतं. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे थेट पोहू नका, दमछाक होईल. पाठीवर तरंगा, हात वर करा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या. पाणी ऐन उन्हाळ्यातही १५ अंशांच्या आसपास असतं, एकदम उडी मारली की श्वास अडकतो. उन्हाळ्यात जिथे जीवरक्षक असतात तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. नुसता लाल झेंडा दिसला तर पाण्यात जायचंच नाही.

स्लीव्ह लीगचे कडे सुमारे ६०० मीटर उंच आहेत, म्हणजे प्रसिद्ध मोहरच्या कड्यांच्या जवळजवळ तिप्पट. फोटोसाठी कडेला जाऊ नका. कडेचं गवत खालून पोखरलेलं असू शकतं आणि वरून ते कळत नाही. धुकं किंवा जोराचा वारा असेल तर बनग्लासच्या दर्शनस्थळावरूनच बघा. ‘वन मॅन्स पाथ’ ही अरुंद धार त्या दिवशी सोडून द्या. निघण्यापूर्वी आयर्लंडच्या हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा आहे का, तेवढं पाहा.

कुंपण ओलांडून शेतातून जवळची वाट काढू नका. आयर्लंडमध्ये खासगी जमिनीवरून हिंडण्याचा सरसकट हक्क नाही. शेतकरी जाऊ देतात ते त्यांच्या चांगुलपणामुळे. रस्त्यांवरच्या पाट्याही लक्षात असू द्या: आयरिश भाषिक गेलटॅक्ट भागात गावांची नावं फक्त आयरिशमध्ये असतात, म्हणून दोन्ही नावं लिहून ठेवा.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक वेगळी चूक आहे. इनिशोवनपर्यंत आलोच आहोत तर जायंट्स कॉजवेही पाहू, असं सहज ठरतं. बेसॉल्टचे सुमारे ४०,००० खांब; अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिलेल्याला ते ओळखीचे वाटतील. पण ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत आहेत. वाटेत चौकी नसते, तरी नियम लागू असतोच. आयर्लंडचं रहिवासी कार्ड तिथे चालत नाही, ब्रिटनचा व्हिसा लागतो. दोन्ही देशांच्या संयुक्त योजनेचा शिक्का असलेला अल्पमुदतीचा व्हिसा मात्र चालतो.

कुणी पाण्यात अडकलेलं दिसलं तर त्याच्यामागे पाण्यात उडी घेऊ नका. किनाऱ्यावर पिवळ्या डब्यात ठेवलेली तरंगणारी रिंग त्याच्याकडे फेका, ११२ किंवा ९९९ लावा, कोस्ट गार्ड मागा आणि किनाऱ्याचं नाव सांगा.