गड्ड्यानंतर बंद राहणाऱ्या घरासाठी
सोलापूरचे वडिलोपार्जित घर जानेवारीतील सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेपुरते उघडून पुन्हा पुण्या-मुंबईकडे परतणाऱ्यांनी कुलूप लावण्यापूर्वी आधी नळ पाहावेत. शहरात पाणी रोज येत नसल्याने कोरडा नळ उघडाच राहिल्याचे ध्यानात येत नाही आणि काही दिवसांनी पाणी सुटले की ते थेट घरात पसरते. म्हणून तोटीवर न विसंबता रस्त्याकडून येणाऱ्या नळजोडणीचा मुख्य कॉकच बंद करावा. टाकी रिकामी करून झाकावी.

मोरीच्या जाळीखालच्या वळणात साचलेले पाणी गटाराचा वास आणि झुरळे अडवते, परंतु एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे गेला की ते आटून जाते. निघताना तेथे दोन तांबे पाणी ओतून वर चमचाभर गोडेतेल सोडावे. तेलाच्या थरामुळे पाणी सावकाश उडते. हा उपाय क्षुल्लक वाटतो, पण बंद घराचा कुबट वास बहुधा येथूनच येतो.

गॅसचा रेग्युलेटर काढावा, फ्रिज पुसून त्याचे दार किंचित उघडे ठेवावे. किल्ली देताना शेजारच्या काकूंना नुसते ‘लक्ष ठेवा’ न म्हणता, महिन्यातून एकदा मोरीत पाणी ओतण्याची विनंती स्पष्टपणे करावी.