रिस्पॉन्सचे इव्हेंट हाताळताना या चुका टाळा

लासलगावच्या लिलावाचे भाव आणि शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या मोबाइलवर देणारे एखादे ॲप्लिकेशन नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) आणि एक्सप्रेस (तिच्यावरची वेब-चौकट) वापरून लिहिले आहे, असे समजा. निफाड किंवा येवला तालुक्यात रेंज गेली की हिशेबपट्टीची पीडीएफ अर्ध्यावर तुटते, आणि अशा वेळी रिस्पॉन्सच्या, म्हणजे सर्व्हरच्या प्रतिसादाच्या, ‘फिनिश’ या एकाच इव्हेंटवर (घडामोडीच्या सूचनेवर) उभारलेली नोंदवही चुकीची ठरते.

‘फिनिश’चा अर्थ इतकाच, की प्रतिसादाचा शेवटचा भाग पाठवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली झाला. तो शेतकऱ्याच्या फोनपर्यंत पोहोचला की नाही, हे त्यावरून कळत नाही. पुढे एनजिनएक्स (ॲप्लिकेशन आणि फोन यांच्या मधे बसणारा सर्व्हर) असेल, तर तो फार तर एनजिनएक्सपर्यंत गेला असेल. म्हणून या इव्हेंटवर ‘हिशेबपट्टी मिळाली’ अशी नोंद करणे मला गैर वाटते, कारण पुढे पैशांवरून वाद झाला तर तीच नोंद पुरावा म्हणून दाखवली जाते. पोच हवी असेल, तर फाइल पूर्ण उतरल्यावर ॲपनेच सर्व्हरला वेगळी विनंती पाठवावी.

दुसरी चूक याहून महाग पडते. जोडणी मध्येच तुटली तर ‘फिनिश’ येतच नाही, फक्त ‘क्लोज’ हा दुसरा इव्हेंट येतो. त्यामुळे डेटाबेसची जोडणी किंवा उघडलेली फाइल सोडण्याचे काम ‘फिनिश’मध्ये ठेवले, तर ती तशीच अडकून राहते. आवराआवर ‘क्लोज’मध्येच करावी आणि प्रतिसाद पूर्ण लिहिला गेला होता का, हे तिथे ‘रायटेबलफिनिश्ड’ या गुणधर्मावरून तपासावे. मात्र हा ‘क्लोज’ रिस्पॉन्सवरचाच ऐकावा: नोडच्या 16व्या आवृत्तीपासून रिक्वेस्टवरचा ‘क्लोज’ विनंती पूर्ण झाली की येतो, त्यासाठी सॉकेट (जोडणीचे टोक) बंद व्हावे लागत नाही.

प्रतिसादाला लागलेला वेळ हेडरमध्ये (प्रतिसादाच्या मजकुराआधी जाणाऱ्या माहितीत) घालण्याचे काम ‘फिनिश’मध्ये केल्यास हेडर आधीच गेल्याची त्रुटी येते, आणि ती एक्सप्रेसच्या त्रुटी-हाताळणीपर्यंत न पोहोचता अख्खी प्रोसेस बंद पाडू शकते. लिसनरही (इव्हेंट ऐकणारे फंक्शन) ‘नेक्स्ट’ (विनंती पुढच्या टप्प्याकडे सोपवणारे फंक्शन) बोलावण्यापूर्वीच जोडावा.

चाचणी करताना लहान जेसन (मजकूर-रूपातला डेटा) पाठवून जोडणी तोडू नये. तो सॉकेटच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) मावतो आणि ‘फिनिश’ बिनदिक्कत येतो. बफरमध्ये मावणार नाही इतकी मोठी फाइल कर्लने (कमांड-लाइनवरून फाइल मागवणाऱ्या साधनाने), वेगमर्यादा घालून मागवावी आणि मध्येच कंट्रोल-सी दाबावे.