नाव मराठीत लिहिलंय का? पायथनमध्ये इझअल्फावर विसंबू नका

फॉर्ममधलं नाव देवनागरीत आहे की नाही हे तपासायला बरेच जण पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं इझअल्फा (isalpha, म्हणजे शब्दात फक्त अक्षरंच आहेत का ते सांगणारं फंक्शन) वापरतात. 'घर' दिलं की ट्रू येतं, म्हणून कोड पुढे जातो. 'गाव' देऊन बघा, फॉल्स येईल. कारण काना, वेलांटी, उकार, अनुस्वार ही चिन्हं युनिकोडच्या (सगळ्या लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) लेखी अक्षरं नाहीत, 'मार्क' आहेत. रेजेक्सच्या (मजकुरात नमुना शोधायच्या सोयीच्या) बॅकस्लॅश डब्ल्यूचंही (\w, म्हणजे 'शब्दातलं कॅरेक्टर') तेच: सगळे जुळणारे तुकडे देणाऱ्या फाइंडऑलने 'मराठी'त \w+ शोधलं तर हाती 'मर' आणि 'ठ' असे तुकडे येतात.

त्यापेक्षा प्रत्येक कॅरेक्टरचा युनिकोड क्रमांक ऑर्ड (ord) या फंक्शनने काढा आणि तो २३०४ ते २४३१ मध्ये बसतो का ते बघा. देवनागरीचा मुख्य पट्टा हाच. एखादं तरी देवनागरी कॅरेक्टर हवं असेल तर एनी (any) हे फंक्शन, सगळीच हवी असतील तर ऑल (all). यातून लिपी कळते, भाषा नाही. हिंदी-नेपाळीही इथेच राहतात.

ऑल वापरताना मात्र स्पेस वेगळी सोडावी लागते. शिवाय 'सुऱ्या'मधला अर्धा र! काही कीबोर्ड तो र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर जोडून लिहितात. त्या जॉइनरचा क्रमांक ८२०५, म्हणजे पट्ट्याबाहेर. डोळ्यांना शब्द अगदी बरोबर दिसतो आणि तपासणी नापास करते, मग तासभर डोकं खाजवत बसा. त्यामुळे ८२०५ ला आधीच परवानगी द्या.

जावास्क्रिप्टवाल्यांचं बरं आहे: रेजेक्सला यू फ्लॅग (युनिकोडप्रमाणे वागायला सांगणारी खूण) लावून स्क्रिप्ट म्हणून थेट देवनागरी मागता येते. जॉइनर तिथेही वेगळाच द्यावा लागतो.