समलिंगी लग्नावरून घरात वाद पेटला तर तो नीट कसा घालायचा

जेवायला बसल्यावर हा विषय निघाला की काय होतं ते सगळ्यांना माहितीये. काका म्हणतात आपल्या धर्मात बसत नाही, भाची म्हणते तुमचा धर्म तुमच्यापाशी ठेवा, मग कुणीतरी खजुराहो काढतं, कुणीतरी अमेरिका काढतं, आई म्हणते आधी पोळी घ्या गरम आहे तोवर, आणि मुद्दा तसाच राहतो पण मनं कडू होतात. वाद घालू नका असं मी सांगणार नाहीये, घालाच, पण जरा पद्धतशीर घाला. या लग्नांची सरकारदरबारी नोंद व्हावी असं माझं स्वतःचं मत आहे, हे आधीच सांगून टाकतो, तरी खालचं सगळं विरुद्ध बाजूच्या माणसालाही वापरता येईल.

पहिलं काम म्हणजे वादाचे तीन तुकडे करा. माझा धर्म हे लग्न मानतो का, हा एक. सरकारने त्याची नोंद करावी का, हा दुसरा. आणि हे ठरवायचं कोणी, कोर्टाने, संसदेने की थेट लोकांनी, हा तिसरा. बहुतेक भांडणं होतात कारण काका पहिल्याबद्दल बोलत असतात आणि भाची दुसऱ्याचं उत्तर देत असते. म्हणून सुरुवातीलाच साधेपणाने विचारायचं, काका, तुम्ही धर्माचं म्हणताय की कायद्याचं? बरेचदा समोरच्याने स्वतःही हा विचार केलेला नसतो, मग तो थांबतो, आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं.

धर्माच्या तुकड्यावर जिंकायला जाऊच नका. एखाद्याची श्रद्धा सांगते की विवाह स्त्री-पुरुषाचाच, तर तसं मानायचा आणि बोलायचा त्याला पूर्ण हक्क आहे, संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने दिलेला. खजुराहो तर काढूच नका, कारण काका लगेच विचारणार की त्यात लग्न लागलेलं कुठे दिसलं, आणि त्याला उत्तर नाहीये. त्यापेक्षा धार्मिक माणसं आणि संस्था नेमकं काय बोलल्यात ते माहिती असू द्या. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत एका मुलाखतीत म्हणाले की अशी माणसं कायमच होती, त्यांनाही जगायचा हक्क आहे, वर महाभारतातल्या जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचे तसेच संबंध होते असा दाखलाही दिला. दोनच महिन्यांनी संघाच्या पानिपतच्या बैठकीनंतर सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे म्हणाले की लग्न मात्र स्त्री-पुरुषातच. म्हणजे माणसाला स्वीकारणं वेगळं आणि लग्नाला मान्यता देणं वेगळं, असा फरक एकाच संघटनेत केलेला दिसतो, तो तुम्हाला पटो न पटो. व्हॅटिकनचंही तसंच काहीसं, डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी पाद्र्यांना समलिंगी जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मुभा दिली पण लग्नाची व्याख्या जिथल्या तिथे ठेवली. वसईच्या किंवा गोव्याच्या मित्राला "तुमच्या पोपने तर परवानगी दिली की" असं म्हणाल तर तो बरोबर पकडेल तुम्हाला. जमियत उलेमा-ए-हिंद ही मुस्लिम धर्मगुरूंची संघटना तर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात या लग्नांच्या मान्यतेचा खटला चालला तेव्हा विरोध करायलाच उभी होती.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण परदेशातले व्हिडिओ बघून बोलणारे इथेच आपटतात. तिकडे म्हणतात की चर्चमधलं लग्न वेगळं आणि सरकारी लग्न वेगळं, मग तुम्हाला काय त्रास. आपल्याकडे ते इतकं सुटं नाहीये. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात रूढीप्रमाणे विधी झाले, सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं, की लग्न कायद्याने लागलं, नोंदणी हा नंतरचा पुरावा. म्हणजे धार्मिक विधी हाच कायदा झालाय. म्हणून काका जेव्हा म्हणतात की उद्या आमच्या विधींत सरकार हात घालेल, तेव्हा हसू नका, ती भीती काही हवेतून आलेली नाही. त्यावर सांगायचं ते असं की २०२३ च्या त्याच खटल्यात कोर्टाने सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं की धर्मांच्या वैयक्तिक कायद्यांना आम्ही हात लावणार नाही, फक्त १९५४ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट बघू. त्यात भटजीही नाही आणि काझीही नाही, आंतरधर्मीय जोडपी तीस दिवसांची नोटीस लावून लग्न करतात तोच हा कायदा. त्याचा आधीचा अवतार १८७२ चा, त्यात तर आम्ही अमुक अमुक धर्म मानत नाही असं लिहूनच द्यावं लागायचं. म्हणजे धर्माच्या बाहेरून लग्न करायचं दार आपल्याकडे दीडशे वर्षांपासून आहे, आणि त्याच सुमाराला इकडे फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली होती. (फुले आज असते तर कुठल्या बाजूला असते हे मात्र सांगत बसू नका, ते कुणालाच माहिती नाही आणि अशा वाक्याने वाद नुसता घसरतो.)

तरीही भीती जात नसेल तर एक प्रस्ताव ठेवा. इंग्लंडने २०१३ च्या कायद्यात लिहूनच टाकलं की चर्च ऑफ इंग्लंडला अशी लग्नं लावता येणार नाहीत आणि बाकीच्या धार्मिक संस्थांनी स्वतःहून हो म्हटलं तरच त्या लावू शकतील. मग विचारा, असं कलम घालून फक्त नोंदणी ऑफिसात परवानगी दिली तर चालेल का? काका हो म्हणाले तर अर्धा वाद मिटला. नाही म्हणाले तर त्यांचा आक्षेप विधींपुरता नव्हता, नोंदीलाच होता, म्हणजे आता दुसऱ्या तुकड्यावर बोलायचं.

दुसऱ्या तुकड्यावर प्रेम, समानता, स्वातंत्र्य असले मोठे शब्द कमी वापरा आणि कागद जास्त काढा. वीस वर्षं एकत्र राहिलेल्या दोन बायका, त्यातली एक मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या नावावरच्या घरात दुसरीला वारस म्हणून काही मिळत नाही, ते माहेरच्यांकडे जातं, वीस वर्षं फोनही न केलेल्या भावाकडेसुद्धा जाऊ शकतं. पीएफमध्ये कुटुंब असेल तर कुटुंबाबाहेरच्याला नॉमिनी करता येत नाही, आणि कुटुंब म्हणजे कोण ते नियमातच लिहिलेलं आहे, त्यात हा जोडीदार बसत नाही. पेन्शनचा, दवाखान्यातल्या सहीचा, दत्तकाचा प्रश्न असाच. हे ऐकल्यावर विरोध करणारी माणसंही बरेचदा म्हणतात की सोयी द्या हो, त्याला कोण नाही म्हणतंय, फक्त लग्न म्हणू नका. ही भूमिका प्रामाणिक असू शकते, तिला ढोंग म्हणू नका. सरकारनेही साधारण तीच घेतलीये. त्या २०२३ च्या खटल्याच्या निकालानंतर कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०२४ मध्ये पत्रकं निघाली की जॉइंट खातं उघडायला आणि त्यात जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, रेशन कार्डासाठी एकाच घरातले धरा, जवळचे नातेवाईक नसतील तर पार्थिव ताब्यात द्या. माझं म्हणणं एवढंच की पत्रक काढणारा ते मागेही घेऊ शकतो, आणि वारसा-पेन्शनसारख्या गोष्टी पत्रकाने होतही नाहीत, त्याला कायदाच लागतो. पण हे माझं मत, तुम्ही तुमचं मांडा.

"निसर्गाच्या विरुद्ध" हा मुद्दा आला तर फार वेळ घालवू नका. कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने त्यातला प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांचा भाग काढून टाकला, एवढं सांगून पुढे जा.

आता तिसरा तुकडा, आणि मला विचाराल तर खरा मजेशीर हाच. इथे आधी दोन्हीकडच्या चुका दुरुस्त करा. "सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्न चुकीचं ठरवलं" हे खोटं. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाचही न्यायाधीशांचं एकमत झालं ते यावर की संविधानात लग्नाचा मूलभूत हक्क नाही आणि हा कायदा बदलायचा तर ते काम कोर्टाचं नाही, कायदेमंडळाचं. नागरी जोडणीला (सिव्हिल युनियन, म्हणजे लग्न न म्हणता जोडप्याला कायदेशीर दर्जा) मान्यता द्यायची का यावर मात्र तीन विरुद्ध दोन झालं, चंद्रचूड आणि कौल अल्पमतात, भट, कोहली आणि नरसिंहा बहुमतात. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. आणि "कोर्टाने घाबरून अंग काढून घेतलं" हेही अर्धवट, न्या. भट यांचा निकाल एकदा वाचा, निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी नवी सामाजिक संस्था उभी करावी का हा त्यातला प्रश्न लोकशाही मानणाऱ्या कुणालाही टाळता येणार नाही.

"लोकांना विचारा, बहुमत काय म्हणतं बघा" असं कुणी म्हणालं तर लोकांना विचारलेल्या देशांची गोष्ट सांगा. आयर्लंड, एवढा कॅथलिक देश, मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के हो म्हणाले. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ ला ६४ टक्के. पण तैवान मला जास्त कामाचं वाटतं कारण तिथे कुणीच सरळ जिंकलं नाही. २०१७ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने सांगितलं की सध्याचा कायदा चालणार नाही, दोन वर्षांत बदला. धार्मिक गटांनी सह्या गोळा करून नोव्हेंबर २०१८ मध्ये सार्वमत लावलं आणि ते जिंकले, लोक म्हणाले नागरी संहितेतली (म्हणजे तिथल्या मूळ कायद्यातली) लग्नाची व्याख्या बदलू नका. आता आली का पंचाईत, कोर्ट म्हणतं द्या आणि जनता म्हणते व्याख्येला हात लावू नका. संसदेने मे २०१९ मध्ये काय केलं, तर नागरी संहिता तशीच ठेवली आणि वेगळा स्वतंत्र कायदा करून नोंदणी दिली. दोन्हीकडचे थोडे नाराज झाले, आणि लग्नं सुरू झाली. ही गोष्ट सांगितली की काका आणि भाची दोघंही गप्प होऊन विचार करायला लागतात, कारण दोघांनाही त्यात आपला मुद्दा सापडतो.

आपल्याकडचे जुने दाखलेही काढा पण सावधपणे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांचा विरोध होता, मुद्दा असा की परक्या सरकारने आमच्या धर्मात कायद्याने ढवळाढवळ करू नये, सुधारणा समाजातून यावी. आज तोच मुद्दा येतो, फक्त सरकार आता परकं नाही, त्यामुळे त्याचा अर्धा भाग गळून पडलाय. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, मग पहिली निवडणूक झाली आणि तेच कायदे तुकड्या-तुकड्यांनी १९५५-५६ मध्ये पास झाले. यातून भाची म्हणेल बघा, परंपरावाल्यांचा एवढा विरोध असून झालं, आणि काका म्हणतील बघा, कोर्टाने नाही, निवडून आलेल्या संसदेने केलं. दोघंही बरोबर. आणि आंबेडकरांचं संवैधानिक नैतिकतेचं (म्हणजे संविधानाला धरून वागायच्या वृत्तीचं) वाक्य फेकणार असाल तर ४ नोव्हेंबर १९४८ चं ते भाषण आधी वाचून घ्या, तिथे ते कारभाराचे बारीक तपशील संविधानातच का घातले याचं समर्थन करत होते, कोर्टांनी त्या शब्दाचा अर्थ नंतर बराच ताणलाय.

एक सक्त मनाई. वाद रंगात आला तरी "आपल्या अमक्याचा मुलगा पण तसाच आहे ना" असं चुकूनही बोलू नका, दाखला म्हणून नाही आणि बाजू घेतानाही नाही. ते सांगायचा हक्क फक्त त्याचा. आणि त्याच टेबलावर गप्प बसून सगळं ऐकणारं कुणीतरी असू शकतं हे धरूनच प्रत्येक वाक्य बोला, भाषा आपोआप सुधारते.

शेवटी काका म्हणाले की ठीक आहे, संसदेने ठरवावं, तर तिथे सोडू नका. विचारा की मग संसदेने यावर बोलावं असं तुम्हाला वाटतं का, की संसद म्हणजे विषय ठेवून द्यायचं कपाट? केंद्राने २०२३ मध्ये राज्यांची मतं मागवली तेव्हा राजस्थान, आंध्र आणि आसामने विरोध कळवला, आणि आपल्या महाराष्ट्राने काय कळवलं, तर अजून वेळ द्या. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, सुप्रिया सुळे यांनी स्पेशल मॅरेज ॲक्ट बदलायचं खाजगी विधेयक (सरकारचं नाही, खासदाराने स्वतः आणलेलं) लोकसभेत मांडलं होतं, पण खाजगी विधेयकांची गत अशी की स्वातंत्र्यानंतर जेमतेम चौदा पास झालीत, शेवटचं १९७० मध्ये. त्यामुळे खासदाराला लिहायचं, दोघांनीही, काकांनी आपलं आणि भाचीने आपलं. एक पान पुरे, मराठीत चालतं, आणि "समाजात जागृती व्हावी" असलं गुळमुळीत लिहायचं नाही. कायद्याचं नाव लिहा, कलम लिहा (स्पेशल मॅरेज ॲक्टच्या चौथ्या कलमात वयाची अट पुरुष २१ आणि स्त्री १८ अशी आहे, बदलाची मागणी असेल तर बोट तिथे ठेवावं लागतं), तुम्हाला ते बदलायला हवंय की तसंच राहायला हवंय ते एका वाक्यात लिहा, आणि थेट विचारा की हा विषय सभागृहात आला तर तुम्ही कुठल्या बाजूने मत देणार. पत्र मतदारसंघातल्या ऑफिसात नेऊन द्या आणि पोच घ्या. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर आठवण करा. आलं तर त्यात बाजू घेतलीये की नुसतं "विषय संवेदनशील आहे" लिहिलंय ते बघा, आणि नुसतं तेवढंच असेल तर तोच प्रश्न पुन्हा पाठवा.