चुकीचे वीजबिल आणि बिघडलेला सिबिल अहवाल : या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात राहणारे माझे मामा घराच्या छपरासाठी कर्ज मागायला बँकेत गेले, तेव्हा व्यवस्थापकांनी सिबिल अहवालाचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा, एक कागद त्यांच्यापुढे सरकवला. क्रेडिट कार्डाच्या नोंदीखाली महिन्यांच्या चौकटींची रांग होती. बहुतेक चौकटींत तीन शून्ये होती आणि एका चौकटीत ‘०३४’ असा आकडा होता. त्या कार्डाची रक्कम चौतीस दिवस थकली होती, एवढाच त्याचा अर्थ. मूळ शोधत गेल्यावर ते एका लाईट बिलात सापडले. त्या महिन्याचे बिल मामांनी काउंटरवर रोख भरले होते आणि मुलाने मोबाइलवर लावून ठेवलेल्या ऑटोपेमुळे (आपोआप बिल भरणाऱ्या सोयीमुळे) तेच बिल कार्डावरूनही भरले गेले होते. ‘बिल मी एकदा भरले आहे, पुन्हा का भरू?’ असे म्हणून त्यांनी कार्डाचे पैसे दिले नाहीत. मामांचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण त्यांनी ते ज्याच्याकडे मांडायला हवे होते त्याच्याकडे मांडले नाही.

दोन भांडणे एकच समजणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. लाईट बिल थकले की ते थेट सिबिलला कळते, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ सालचा आहे आणि त्याखाली प्रामुख्याने बँका, वित्तसंस्था आणि कार्ड देणाऱ्या संस्था आपल्या कर्जदारांची माहिती पाठवतात. वीज वितरण कंपनीची थकबाकी साधारणपणे या अहवालात येत नाही. त्यामुळे अहवालात डाग दिसला, तर त्या नोंदीवर कोणत्या संस्थेचे नाव आहे ते आधी वाचावे. तिथे बहुधा ज्या कार्डाने किंवा ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ प्रकारच्या ज्या सुविधेने बिल भरले, तिच्यामागच्या संस्थेचे नाव असते. अशी सुविधा म्हणजे अनेकदा एखाद्या वित्तसंस्थेचे छोटे कर्जच असते.

बिलाची रक्कम चुकीची असेल तर वाद वीज कंपनीशी आहे आणि कार्डाची रक्कम थकली असेल तर देणे बँकेचे आहे. वीज कंपनीने चूक मान्य केली तरी जादा रक्कम सहसा तुमच्या आर. आर. नंबरावर, म्हणजे वीज ग्राहक क्रमांकावर, जमा होते आणि पुढच्या बिलांतून वळती केली जाते. ती कार्डावर परत येत नाही, म्हणून बिलाचा वाद जिंकूनही कार्डाचे देणे जिथल्या तिथे राहते. मामांच्या बाबतीत नेमके हेच घडले. दुसऱ्यांदा भरलेली रक्कम त्यांच्या खात्यावर आगाऊ म्हणून पडून होती, आणि तिकडे कार्डावर व्याज व दंड चढत होता. वाद चालू असला तरी कार्डाचे बिल मुदतीत भरावे आणि लढाई वीज कंपनीकडे लढावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रीडिंग न पाहता तक्रार करणे

समजा, वडगावातल्या एका घराचे मागील रीडिंग ४३१२ आहे आणि मीटरवर ४३८२ दिसत आहे. नोंद करताना आकडे उलटसुलट होऊन ४८३२ लिहिले गेले, तर ७० युनिटांचे बिल ५२० युनिटांचे होते. शिवाय कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर २०० युनिटांपलीकडे गेला की पूर्ण बिल भरावे लागते, त्यामुळे फटका दुहेरी बसतो. अशा वेळी ‘बिल फार जास्त आले’ असे तोंडी सांगून काही साधत नाही. मीटरचा आकडा आणि मीटर क्रमांक दोन्ही दिसतील असा फोटो त्याच दिवशी काढावा, आणि मागील सहा महिन्यांची बिले काढून ठेवावीत.

बिल कन्नडमध्ये छापलेले असल्याने अनेक ज्येष्ठ मंडळी फक्त शेवटचा आकडा पाहतात. निदान ‘बाकी’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे; तो ज्या ओळीत आहे ती रक्कम मागची आहे की या महिन्याची, हे शेजाऱ्याकडून तरी वाचून घ्यावे. एवढे केले तरी निम्मे गैरसमज जागीच मिटतात.

तोंडी तक्रार करणे किंवा पैसे अजिबात न भरणे

१९१२ या वीज तक्रारींच्या क्रमांकावर फोन करून तक्रार क्रमांक घ्यावा, पण तेवढ्यावर थांबू नये. उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. बेळगाव जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी हेस्कॉमचे (हुबळीच्या वीज वितरण कंपनीचे) कार्यालय असते, तर हुक्केरी तालुक्यात ग्रामीण वीज सहकारी संस्था आहे, म्हणून बिलावर छापलेले नाव पाहूनच अर्ज लिहावा. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर लोकपाल, अशी पायरी वीज कायदा २००३ च्या कलम ४२ ने दिलेली आहे.

वाद आहे म्हणून एक रुपयाही न भरणे धोक्याचे आहे. याच कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मात्र मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती आक्षेप राखून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. वरच्या उदाहरणातल्या घराला ही तरतूद मोठा आधार देते. अर्जात ‘आक्षेप राखून भरत आहे’ हे शब्द लिहायला विसरू नये.

ऑटोपे मोकळे सोडणे

कार्डावर ऑटोपे लावताना कमाल रक्कम ठरवून द्यावी. वजावटीच्या किमान चोवीस तास आधी संदेश येतो. तो वाचला तर फुगलेले बिल तिथेच अडवता येते.

चुकीची नोंद आणि खरी नोंद यांत फरक न करणे

पैसे वेळेत भरले असतानाही थकबाकी दाखवली असेल, किंवा खाते तुमचे नसेल, तर ती चुकीची नोंद आहे. तिच्यासाठी कार्ड देणाऱ्या बँकेकडे आणि ज्या पतमाहिती कंपनीच्या अहवालात ती आहे तिच्याकडे, अशी दोन्हीकडे लेखी तक्रार करावी. आपल्या देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. एका ठिकाणी दुरुस्ती झाली म्हणून इतर तिघींकडे ती आपोआप झाली असे धरू नये. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून लागू आहे. त्यानंतरही उत्तर समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनामूल्य तक्रार करता येते, आणि त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

कार्डावरून एकच व्यवहार दोनदा वजा झाला असेल, तर तो वाद बँकेकडेच लेखी नोंदवावा. असा वाद प्रलंबित असताना थकबाकीची माहिती, तो मिटल्याशिवाय पाठवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा कार्डांबाबतचा नियम आहे. तो नियम लिहून दिलेल्या तक्रारीमुळेच कामी येतो.

नोंद खरी असेल, तर ती पैसे घेऊन पुसून देतो म्हणणाऱ्या कोणाच्याही नादी लागू नये. तसेच घाईने ‘सेटलमेंट’ करून कमी रकमेत खाते मिटवू नये, कारण ‘सेटल्ड’ हा शेरा पुढच्या कर्जाच्या वेळी पूर्ण फेडीपेक्षा वाईट दिसतो.

मामांची नोंद खरी होती, त्यामुळे ‘०३४’ पुसला जाणार नव्हता. त्यांनी कार्डाची रक्कम व्याजासह पूर्ण भरली. ३० दिवसांच्या आत बँकेने नवी स्थिती कळवल्यावर त्यांनी ताजा अहवाल काढला. मग रोख भरण्याची पावती, कार्डाचे विवरणपत्र आणि एक पानी स्पष्टीकरण घेऊन ते पुन्हा बँकेत गेले. व्यवस्थापकांनी दोन्ही पावत्यांवरचा आर. आर. नंबर बोट ठेवून जुळवून पाहिला, कागद फाइलला लावले आणि अर्ज पुढे पाठवला.