धातुकारागीर की अंतर्गत सजावटकार: नाशिकमध्ये शिक्षणाची आणि कामाची वाट कशी आखावी

नाशिकच्या जुन्या गावात भांडी बाजार, सराफ बाजार आणि तांबट लेन ही नावे रोजच्या बोलण्यात आहेत. घंगाळी आणि हंड्यांचे गिऱ्हाईक मात्र ओसरले असून धातूचे हातकाम देवघर, दर्शनी भिंत, दिवे आणि दाराच्या मुठींकडे वळले आहे. त्यामुळे दहावी-बारावीनंतर या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने कारागीर व्हायचे की सजावटकार, हे ठरवण्याआधी दोन्ही वाटांवर काय शिकावे लागते ते समजून घ्यावे. वाट कोणतीही असली तरी सुरुवातीचे काही महिने एखाद्या कारागिराकडे बसून काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कागदावरची वक्ररेषा पत्र्यात उतरेल की नाही, हे तिथेच उमगते.

पहिला धडा पत्रा ओळखण्याचा. गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचे माप; त्याचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ: 18 गेजचा पत्रा सुमारे 1.2 मिलिमीटर, तर 22 गेजचा सुमारे 0.7 मिलिमीटर जाडीचा असतो. तांबे ठोकत गेले की कडक होते, ठोक्याचा आवाज बदलतो आणि तरीही ठोकत राहिल्यास कडेला चीर जाते. म्हणून ते मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात. पोलाद असे विझवले तर कडक होते, तांबे मऊच राहते. त्यानंतर सौम्य आम्लाने किंवा चिंचेने काळी खपली काढून पुन्हा घडाई, आणि आकार पूर्ण झाल्यावर मठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचे एकाशेजारी एक पडणारे हे ठोके केवळ शोभेसाठी नसतात, त्यांनी पत्रा ताठ होतो. नवशिका हातोडी फिरवत बसतो. मुरलेल्या कारागिराची हातोडी एकाच जागी पडते आणि भांडे फिरत राहते. हे जमेपर्यंत रांगा वाकड्या येतात, त्याला इलाज नाही. डाग देणे (धातूचे सांधे जोडणे) आणि कल्हई ही कामेही याच काळात शिकून घ्यावीत.

प्रमाणपत्रासाठी आयटीआयचा मार्ग सरळ आहे. शीट मेटल वर्कर आणि वेल्डर हे अभ्यासक्रम एक वर्षाचे, तर फिटरचा दोन वर्षांचा असतो; सातपूरच्या शासकीय संस्थेत किंवा अन्यत्र त्या वर्षी कोणत्या अभ्यासक्रमाच्या जागा आहेत, हे प्रवेशफेरीपूर्वी पाहावे. पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली अंबड-सातपूरच्या कारखान्यांत विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. हाताने पारंपरिक काम करणाऱ्यांसाठी 2023 मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्या 18 व्यवसायांत लोहार, सोनार आणि मूर्तिकार येतात, प्रशिक्षणकाळात दिवसाला 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते.

अंतर्गत सजावटीचा मार्ग अधिक मोकळा आणि म्हणूनच अधिक फसवा आहे. 1972 च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणीशिवाय स्वतःला वास्तुविशारद म्हणवता येत नाही. सजावटकारासाठी असे बंधन नाही, त्यामुळे पदविका देणाऱ्या वर्गांचा सुळसुळाट झाला आहे. प्रवेशापूर्वी संस्थेची संलग्नता कोणाशी आहे, हे लेखी विचारावे. पाच वर्षांच्या वास्तुकला पदवीसाठी नाटासारखी प्रवेशपरीक्षा, तर आयआयटीसारख्या संस्थांतील डिझाइन पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा द्यावी लागते. ज्याला दोन्ही विषयांची ओढ आहे, त्याने मुंबईच्या 1857 साली स्थापन झालेल्या सर ज. जी. कला महाविद्यालयाचा विचार अवश्य करावा, कारण तिथे धातुकला आणि अंतर्गत सजावट या दोन्ही शाखा आहेत; शाळेतच चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट परीक्षा दिलेल्यांचा हात अशा ठिकाणी लवकर बसतो.

पदवीनंतर निदान वर्षभर एखाद्या अनुभवी सजावटकाराबरोबर साइटवर जावे. मापे मिलिमीटरमध्ये आणि गिलावा पूर्ण झाल्यावरच घ्यावीत. तांब्याचा पत्रा लोखंडी स्क्रूने बसवला तर ओलाव्यात लोखंड झपाट्याने गंजते आणि डाग भिंतीवर उतरतात. पितळी स्क्रू वापरावेत. तांबे-पितळ काळवंडणारच, हे घरमालकाला आधी सांगावे, आणि लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक लेप) लावायचे की घासत राहायचे, हे त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे.

दर ठरवताना जुनी पद्धत आड येते. भांड्याचा हिशेब वजन, घट (कामात वाया जाणारा धातू) आणि मजुरी यांवर चालतो. सजावटीच्या कामात तो तोट्याचा ठरतो. चार बाय दोन फुटांचा 20 गेजचा तांब्याचा पत्रा सुमारे 6 किलो भरतो, परंतु त्यावरच्या मठारकामाला लागणारे दिवस वजनात कुठेच दिसत नाहीत. म्हणून धातूची किंमत त्या दिवसाच्या भावाने वेगळी लिहावी, मजुरी दिवसांवर लावावी, वीतभर चौरस नमुना करून त्यावर घरमालकाची सही घ्यावी आणि पत्र्याचे पैसे हाती आल्याशिवाय पत्रा कापू नये.