स्कॉलरशिप मंजूर, पण खात्यात दमडी नाही

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर माझा स्कॉलरशिपचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे गेला, वर मंजूरही झाला. खातं मात्र कोरडंच. दोन महिने मी रोज पासबुक बघायचो आणि उगाच कॉलेजच्या क्लार्कवर चिडायचो. बिचाऱ्याचा काही संबंधच नव्हता.

घोळ आधारचा होता. पैसे आपण सांगितलेल्या खाते क्रमांकावर जातात अशी माझी समजूत. प्रत्यक्षात ते आधार क्रमांकावरून जातात, म्हणजे एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत आधारला जी बँक जोडलेली असेल तिथे. या जोडणीला सीडिंग म्हणतात. एका आधारला अशी एकच बँक. माझी कुठली? शाळेत असताना काढलेलं खातं, वर्षानुवर्षं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं!

हे कळलं आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर. आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं, तर जुन्याच बँकेचं नाव. तोवर नव्या बँकेतले साहेब म्हणत होते, "आधार लिंक आहे की!" लिंक होतं, पण केवायसीपुरतं, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं. सीडिंग वेगळं, हे तिथेही सगळ्यांना ठाऊक नसतं.

मग शाखेत डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यावेत यासाठी, सीडिंगचा संमती फॉर्म भरला. त्यात जुन्या बँकेचं नाव लिहायची जागा असते, ती रिकामी सोडू नका. पोचपावती घेतली. काही दिवसांनी स्टेटसमध्ये नवी बँक आणि पुढे 'ॲक्टिव्ह' दिसलं. अडकलेला हप्ता त्यानंतर आला. दुसरा विनासायास.

धाकट्या बहिणीचं सीडिंग मी अर्ज भरण्याआधीच तपासलं. तिचंही जुन्याच खात्याला होतं.